आपल्या वाटचालीची रोजनिशी

विद्यार्थी मित्रहो, गेल्या महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी दुपारी चार वाजता तुम्ही कुठे होतात, हे तुम्हाला आता सांगता येईल का? शाळेचे वेळापत्रक आठवून "बहुधा भूमितीच्या तासाला" असे उत्तर तुम्ही द्याल. पण घरातील मोबाईल फोन त्या दिवशी कुठे होता, हे त्या फोनमध्ये मिनिटामिनिटाने लिहिलेले असू शकते. कोणत्या रस्त्याने गेला, कोणत्या दुकानापाशी थांबला, किती वाजता परतला, हे सारे त्यात असते. पूर्वी काही माणसे रोजनिशी लिहीत आणि ती कपाटात कुलूप लावून ठेवीत. ही नवी रोजनिशी आपोआप लिहिली जाते. मग ती लिहितो कोण, ती राहते कोठे, आणि तिच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?

ही नोंद उपयोगी आहे, यात शंका नाही. सहलीचा मार्ग नकाशावर काढता येतो, गड चढताना लागलेला वेळ कळतो, रानात सापडलेल्या झाडाची जागा पुन्हा शोधता येते. म्हणून ती ठेवूच नये, असे मी म्हणणार नाही. ती स्वतःची स्वतःपाशी कशी ठेवावी, हे आपण पाहू. त्यासाठी फोनला जागा कशी कळते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

अंतर मोजण्याची युक्ती

पावसाळ्यात वीज चमकते आणि काही सेकंदांनी गडगडाट ऐकू येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. पाच सेकंद लागले तर वीज ३४० × ५ = १,७०० मीटर अंतरावर पडली, असे आपण म्हणतो. उशीर मोजला की अंतर मिळते. उपग्रहांच्या साहाय्याने जागा शोधण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते. फक्त ध्वनीच्या जागी रेडिओ लहरी येतात आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर असतो.

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ साली २४ उपग्रहांची पूर्ण प्रणाली कार्यान्वित झाली. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या प्रणालीही आहेत. भारताच्या 'नाविक' प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला.

प्रत्येक उपग्रह सतत दोन गोष्टी सांगत असतो : "आता किती वाजले" आणि "मी कुठे आहे". डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संदेश जमिनीवर येण्यास २०,२०० ÷ ३,००,००० म्हणजे सुमारे ०.०६७ सेकंद लागतात. फोन हा उशीर मोजतो आणि त्याला वेगाने गुणून अंतर काढतो.

चौथा उपग्रह कशाला?

आपल्या जागेसाठी तीन संख्या लागतात : अक्षांश, रेखांश आणि उंची. त्यांना क्ष, य आणि झ म्हणू. तीन अज्ञात राशींना तीन समीकरणे पुरतात, मग तीन उपग्रह पुरे व्हावेत. पण येथे एक अडचण आहे. उपग्रहावर आण्विक घड्याळ असते. फोनमधील घड्याळ साधे असते. ते एका सेकंदाच्या हजाराव्या भागाने जरी चुकले, तरी अंतरात ३०० किलोमीटरची चूक होईल! मग फोनच्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी मानतात आणि चौथ्या उपग्रहाकडून चौथे समीकरण घेतात. चार समीकरणे सोडवली की जागा कळते आणि घड्याळही आपोआप अचूक लागते.

उपग्रहांवरील घड्याळांनाही सांभाळावे लागते. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार उंचीवर गुरुत्व कमी असल्यामुळे ती दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि त्यांच्या वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर अंतराच्या हिशेबात दररोज सुमारे ११ किलोमीटरची चूक साचत जाईल.

ऐकणारा आणि सांगणारा

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वरील सर्व क्रियेत फोन उपग्रहाला काहीही सांगत नाही. तो फक्त ऐकतो. आकाशवाणीवर बातम्या लागल्या की त्या कोणत्या घरात ऐकल्या जात आहेत, हे केंद्राला कळत नाही. तसेच उपग्रहाला तुमचा फोन ठाऊकच नसतो. समीकरणे फोनमध्ये सुटतात आणि उत्तर फोनमध्येच मिळते. म्हणून तुमची जागा दुसऱ्या कोणाला न सांगता तिची नोंद ठेवणे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे शक्य आहे.

मग ती बाहेर जाते कशी? याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग मोबाईलच्या मनोऱ्याचा. फोन आला की घंटी कोठे वाजवायची, हे कळण्यासाठी फोन कोणत्या मनोऱ्याच्या टापूत आहे हे कंपनीला माहीत असावेच लागते. हा मार्ग फोन मोबाईलच्या जाळ्याशी जोडलेला असेपर्यंत बंद करता येत नाही. दुसरा मार्ग मदतीचा. इमारतीत उपग्रहाचा क्षीण संदेश पोहोचत नाही, तेव्हा फोन आसपासच्या वाय-फाय यंत्रांची यादी इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाला पाठवून "मी कुठे आहे?" असे विचारू शकतो. तिसरा मार्ग ॲपचा. एखाद्या ॲपला जागा पाहण्याची परवानगी दिली की ते ती फोनमध्ये ठेवील किंवा आपल्या मालकाच्या संगणकाकडे धाडील. हा तिसरा मार्ग मात्र बराचसा आपल्या हातात असतो.

एका ओळीत काय असते?

अशी नोंद प्रत्यक्षात कशी दिसते? पुण्याच्या शनिवारवाड्यापासून कोणी फोन घेऊन निघाला आहे असे समजा. त्याच्या फाईलमधील दोन ओळी अशा असतील :

२०२५-०८-१०, ०४:३०:००, १८.५१९५०, ७३.८५५३०, ६
२०२५-०८-१०, ०४:३१:००, १८.५२०००, ७३.८५५७०, ६

प्रथम तारीख, मग वेळ, मग अक्षांश आणि रेखांश. वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. तीत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते, म्हणजे येथे सकाळचे दहा. शेवटचा आकडा मीटरमध्ये असून तो अचूकता दाखवतो. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचा अर्थ असा की खरी जागा ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे तीनांपैकी एका वेळी ती वर्तुळाबाहेरही असू शकते, हे विसरू नये.

या दोन ओळींतून आणखी काय कळते? अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचे अंतर ध्रुवाकडे कमी होत जाते, म्हणून त्याला अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते : १११ × कोज्या १८.५° म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. अक्षांशातील फरक ०.०००५०, म्हणजे ५५.५ मीटर. रेखांशातील फरक ०.०००४०, म्हणजे ४२ मीटर. आता पायथागोरसचा सिद्धांत लावा : अंतर सुमारे ७० मीटर. ते एका मिनिटात कापले, म्हणजे वेग तासाला ४.२ किलोमीटर. माणूस पायी चालला होता! रोजनिशीत "चालत" हा शब्द कोठेही लिहिलेला नाही, पण आकड्यांनी तो सांगितला.

अशा रोजनिशीला जागा किती लागेल? एका ओळीला ५० बाइट धरू. मिनिटाला एक ओळ, तर दिवसाच्या १,४४० ओळी, म्हणजे ७२,००० बाइट. वर्षाला सुमारे २६ मेगाबाइट, आणि सत्तर वर्षांचे दोन गिगाबाइटसुद्धा नाहीत. नखाएवढ्या मेमरी कार्डात एका माणसाच्या साऱ्या आयुष्याची वाटचाल सहज मावते. ती साठवण्यासाठी परक्या कंपनीचा मोठा संगणक लागत नाही.

आकडे बोलू लागतात

"माझ्या नोंदीत लपवण्यासारखे काय आहे?" असे तुम्ही विचाराल. चला, कोणा अनोळखी माणसाची महिनाभराची फाईल आपल्या हाती आली आहे असे मानू. नाव पुसलेले आहे. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेतील ओळी निवडा आणि त्यांची सरासरी काढा : हे त्याचे घर. सोमवार ते शनिवार दुपारच्या ओळींची सरासरी काढा : ही त्याची शाळा किंवा कचेरी. दर गुरुवारी संध्याकाळी तासभर थांबण्याची जागा नकाशावर पाहा. ते देऊळ असेल, शिकवणी असेल किंवा दवाखाना असेल. नाव पुसले म्हणून माणूस लपला नाही. शिवाय घरात केव्हा कोणी नसते, हेही त्याच फाईलमध्ये आहे.

या बाबतीत २०१३ साली एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. दे माँजोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा लाख मोबाईलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नावाविना नोंदी तपासल्या. नोंदी ढोबळच होत्या : तासाला एक आणि फक्त मनोऱ्याच्या टापूपुरत्या. तरीही एखाद्याच्या वाटचालीतील केवळ चार ठिकाणे व त्या वेळा माहीत असल्या, तर ९५ टक्के लोक इतर सर्वांहून वेगळे ओळखता येत होते. बोटांच्या ठशांप्रमाणे वाटचालीचाही ठसा असतो.

दुसरे उदाहरण २०१८ सालचे. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने आधीच्या नोव्हेंबरमध्ये आपल्या वापरणाऱ्यांच्या धावण्याच्या वाटा एकत्र करून जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात कोणाचेही नाव नव्हते. पण सीरिया आणि अफगाणिस्तानातील निर्जन भागात धावण्याच्या वाटांचे ठळक आकार उमटले आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले की हे लष्करी तळ आहेत. सैनिक सकाळी व्यायाम करीत होते, इतकेच.

त्याच वर्षी २२ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्याचा निकाल दिला. पोलिसांनी एका माणसाच्या १२७ दिवसांतील १२,८९८ जागा मोबाईल कंपन्यांकडून मिळवल्या होत्या. अशा जुन्या नोंदी मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे न्यायालयाचे वॉरंट हवे, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. अठरा वर्षांखालील मुलांवर माग ठेवण्याला त्यात बंधन घातले आहे.

रोजनिशी घरातच कशी ठेवावी?

आता कृतीकडे वळू. घरातील मोठ्यांची परवानगी घेऊन पुढील गोष्टी करा.

१. फोनच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' हे पान उघडा आणि कोणकोणत्या ॲपना जागा पाहण्याची परवानगी आहे, याची वहीत यादी करा. प्रत्येक नावापुढे "याला माझी जागा कशासाठी हवी?" याचे उत्तर लिहा. नकाशाला हवी हे पटते. विजेरीच्या ॲपला कशाला हवी? ज्याचे उत्तर सापडत नाही त्याची परवानगी काढून टाका. हवामानाच्या ॲपला अचूक जागेऐवजी अंदाजे जागा दिली तरी चालते. तशी सोय आता बहुतेक फोनमध्ये असते.

२. नोंद ठेवण्यासाठी फाईल फोनमध्येच लिहिणारे ॲप निवडा. अँड्रॉइडवर जीपीएसलॉगर किंवा ओस्मअँड यांसारखी ॲप ही नोंद जीपीएक्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवतात. ती कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते. गूगलनेही डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की नकाशातील 'टाइमलाइन' ही नोंद यापुढे फोनवरच ठेवली जाईल.

३. नोंद किती वेळाने घ्यायची ते ठरवा. चालताना दर दहा सेकंदांनी, बसच्या प्रवासात दर मिनिटाला पुरते. जास्त नोंदी घेतल्या की बॅटरी लवकर उतरते.

४. फाईल फोनवरच राहिली की फोन हरवल्यास तीही हरवते. म्हणून महिन्यातून एकदा ती तारेने घरच्या संगणकावर उतरवून पासवर्डच्या कुलपात ठेवा आणि फोनमधील पुसून टाका. फोनलाही कुलूप असावे.

५. नको असलेली नोंद पुसण्याचा दिवस ठरवा. जी नोंद अस्तित्वातच नाही, ती कोणाच्या हाती पडत नाही.

६. छायाचित्रांकडेही लक्ष द्या. कॅमेऱ्याला परवानगी असेल तर प्रत्येक छायाचित्राच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. अंगणातील मांजराचे चित्र पाठवताना घराचा पत्ताही जाऊ शकतो.

दाखवावे किती?

सहलीचा मार्ग मित्रांना दाखवावासा वाटणारच. अशा वेळी दशांश चिन्हापुढील स्थळे कमी करा. पाच स्थळे ठेवली तर जागा सुमारे एका मीटरपर्यंत दर्शवली जाते, चार ठेवली तर ११ मीटर, तीन ठेवली तर १११ मीटर, आणि दोन ठेवली तर सुमारे १.१ किलोमीटर. आकडे पूर्णांकित करण्याचा धडा तुम्ही शिकलाच आहात. येथे तो घराच्या दारावरील पडद्याचे काम करतो.

दुसरा उपाय म्हणजे घराजवळचा भाग कापून टाकणे. पण येथे भूमितीचा एक सापळा आहे. घर केंद्र धरून ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळातील सर्व ओळी तुम्ही पुसल्या आहेत असे समजा. शाळेकडे जाणारी वाट पूर्वेला सुरू होते, बाजाराची दक्षिणेला आणि मैदानाची पश्चिमेला. दिसणाऱ्या या तिन्ही वाटांचे आरंभबिंदू घरापासून सारख्याच अंतरावर आहेत. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बिंदू जोडणाऱ्या दोन जीवांचे लंबदुभाजक काढा. ते जेथे छेदतील तेथे वर्तुळाचा केंद्र. लपवलेले घर कंपासपेटीने सापडले! म्हणून वर्तुळाचा केंद्र घरावर न ठेवता थोडा दूर ठेवावा. घर वर्तुळात कोठेतरी असले म्हणजे झाले. हा केंद्र एकदाच निवडावा आणि पुन्हा बदलू नये. रोज घराभोवती नवा केंद्र घेतला, तर त्या सर्वांची सरासरी पुन्हा घराकडेच येईल.

करून पाहा

प्रयोग १ : फोन एअरप्लेन मोडमध्ये ठेवा, वाय-फाय बंद आहे याची खात्री करा आणि उघड्या मैदानावर नोंद सुरू करा. पहिली जागा मिळण्यास काही मिनिटे लागतील, कारण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या संथ गतीने सांगतो. एरवी फोन ही माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो. तरीही जागा मिळेल. फोन काही न बोलता केवळ ऐकून आपली जागा शोधतो, याचा हा पुरावा.

प्रयोग २ : मैदानाच्या मध्यावर फोन अर्धा तास स्थिर ठेवा आणि दर दहा सेकंदांनी नोंद घ्या. १८० बिंदू मिळतील. आलेखाच्या कागदावर ते मांडा. एकाच बिंदूऐवजी ठिपक्यांचा पुंजका दिसेल. आता लागोपाठच्या बिंदूंमधील अंतरांची बेरीज करा. प्रत्येक उडी सरासरी २ मीटर असली, तर बसल्या जागी फोन सुमारे ३६० मीटर "चालला" असे उत्तर येईल! हाच प्रयोग उंच भिंतीजवळ करा. भिंतीवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींना उशीर होतो, त्यामुळे पुंजका किती पसरतो ते पाहा.

शिक्षकांना एक विनंती. हे प्रयोग शाळेच्या मैदानावर एकाच फोनने घ्यावेत. विद्यार्थ्यांच्या घरापासूनच्या नोंदी वर्गात गोळा करू नयेत आणि कोणाची फाईल फळ्यावर मांडू नये. नोंदीचा उपयोग शिकवताना तिची राखण कशी करावी, हेही वर्गात दिसले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, दुसऱ्याच्या वाटचालीबद्दलही हाच नियम पाळा. मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेली जागा पुढे तिसऱ्याला पाठवण्यापूर्वी तिला विचारा. या रविवारी घरातील फोनवर परवानग्यांची ती यादी तयार करा. यादीत किती नावे निघाली आणि त्यांपैकी किती खरोखर आवश्यक होती, हे दोन आकडे वर्गातील इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहा.